नावातला ल

फ्लॉरेन्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात मातीचं एक मोठं भांडं आहे. मेजवानीत मद्यात पाणी मिसळायला ग्रीक लोक वापरत त्या घाटाचं, 66 सेंटिमीटर उंच. इसवी सनापूर्वी 570च्या सुमारास अथेन्समध्ये एर्गोतिमोस नावाच्या कुंभारानं ते घडवलं आणि क्लेइतिआस नावाच्या चिताऱ्यानं रंगवलं. दोघांनीही त्यावर आपापली नावं घातली आहेत. क्लेइतिआसचं तेवढ्यानं समाधान झालेलं नाही. भांड्यावर अडीचशेच्या वर आकृत्या आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी जणांच्या शेजारी त्यानं मुंग्यांच्या रांगेसारख्या अक्षरांत नावं लिहिली आहेत. झऱ्याशेजारी ‘झरा’ लिहिलंय, पळताना पडलेल्या घागरीशेजारी ‘घागर’. नाव घातल्याशिवाय चित्र पुरं होत नाही असं मानणारा हा माणूस मला फार जवळचा वाटतो.

मी तिथे गेले तेव्हा ग्रीक शिकायला लागून तीन वर्षं झाली होती. नुकती अक्षरओळख झालेलं पोर एसटीच्या खिडकीतून दुकानांच्या पाट्या वाचत सुटतं, तशी मी काचेशी वाकून वाचत होते. भांड्याच्या मानेवर रथांची शर्यत आहे. त्रॉयच्या युद्धात पात्रोक्लोस मेल्यावर त्याच्यासाठी जे खेळ झाले, त्यांतली ही शर्यत. एका सारथ्याशेजारची अक्षरं मी लावली: ओ, ल, उ, त, ए, उ, स. ओलुतेउस. अशा नावाचा कुणी योद्धा मला आठवेना. पुन्हा लावली. त्या काळच्या अथेन्सच्या लिपीत ‘ल’ जवळजवळ आजच्या रोमन लिपीतल्यासारखाच काढत आणि ‘द’ त्रिकोणी, त्यामुळे घोटाळा व्हायला जागा नव्हती. तो ल होता. मग शेवटचं ‘एउस’ कानात घुमलं आणि एकदम उलगडलं. हा ओदुस्सेउस होता. इथाकेचा राजा, लाकडी घोड्याची युक्ती काढणारा, दहा वर्षं समुद्रावर भटकून घरी पोचणारा. होमरच्या ‘इलियड’ या महाकाव्यातल्या शर्यतीत तो भागच घेत नाही, तिथे दिओमेदेस जिंकतो. क्लेइतिआसनं त्याला रथात बसवलं, आणि नाव लिहिलं ते आपल्या गल्लीत म्हणत असतील तसं.

माझी पहिली भावना अशी होती की चिताऱ्याचं शुद्धलेखन चुकलं. घरी येऊन वाचत गेले तेव्हा या भावनेची मला लाज वाटली. अथेन्सच्या मृत्पात्रांवर ओलुतेउस, ओलुत्तेउस, ओलुसेउस ही रूपं पुन्हापुन्हा येतात. ‘त्त’चं कोडं सोपं आहे: इतर ग्रीक जिथे ‘स्स’ म्हणत तिथे अथेन्सवासी ‘त्त’ म्हणत, समुद्राला बाकीचे थालास्सा म्हणायचे तर हे थालात्ता. जुन्या लेखांत जोडाक्षरातला एकच वर्ण लिहायची रीतही होती. पण ‘ल’ हा काही हात घसरून आलेला नाही. बोलणाऱ्यांच्या तोंडी तो होताच. होमरच्या काव्यात मात्र नेहमी ‘द’ येतो, एकदाही ल नाही.

रोमन लोकांनी हे नाव घेतलं ते ल-वालंच. त्यांच्याकडे तो उलिक्सेस. इसवी सनाच्या पहिल्या शतकात क्विंतिलिआन हा वक्तृत्वाचा शिक्षक अक्षरं एकमेकांच्या जागी कशी येतात हे समजावताना नेमकं हेच उदाहरण देतो: एओलिस भागातल्या ग्रीकांनी ओदुस्सेउसचा ओलिस्सेउस केला आणि त्यावरून आमचा उलिक्सेस झाला. त्याच्या आधी तीनशे वर्षं लिविउस आंद्रोनिकुस या कवीनं होमरच्या ‘ओडिसी’ काव्याचं लॅटिन रूपांतर केलं, त्यातही नायक उलिक्सेसच. पुढे उलिक्सेसचा झाला उलिसेस, तो इंग्लंडला पोचला, आणि इंग्रजांबरोबर आपल्याकडे ‘युलिसिस’ आला. आपल्या मराठी पुस्तकांत कधी युलिसिस असतो, कधी ओडिसियस, आणि माझ्या शाळकरी वयात मला ते दोन वेगळे पुरुष वाटायचे. युलिसिसमधला ल हा त्या भांड्यावरच्या ल-चाच सगोत्र. कवीचा द एका वाटेनं आला, लोकांच्या तोंडातला ल दुसऱ्या.

ते भांडं सापडलं कुठे, तर इटलीत किउसी गावाजवळच्या एत्रुस्कन, म्हणजे रोमच्या भरभराटीआधी तिथे नांदलेल्या लोकांच्या, थडग्यात, 1844-45 साली. एत्रुस्कन लोकांनी हे नाव तिसऱ्याच तऱ्हेनं घेतलं होतं. त्यांच्या भाषेत ग, द, ब हे मृदू वर्णच नव्हते, म्हणून त्यांचा हा वीर झाला उथुत्से. म्हणजे त्यांच्या कानावर द-वालं रूप पडलं असावं, आणि ते मात्र जपून राहिले होते ल लिहिलेलं भांडं! 1900 साली संग्रहालयाच्याच एका रखवालदारानं रागाच्या भरात त्यावर स्टूल फेकलं आणि भांड्याचे 638 तुकडे झाले. मी वाचला तो ल जोडून काढलेला आहे.

आता द आणि ल. जीभ दातांमागे एकाच ठिकाणी टेकते. द म्हणताना वारा पुरता अडतो, ल म्हणताना दोन्ही कडांनी निसटतो. एवढाच फरक. आपल्याला हे नवीन वाटायला नको. संस्कृत दोहदचे आपण डोहाळे केले, कदंबाचा कळंब केला. लॅटिनमध्ये जिभेला आधी दिंगुआ म्हणत, मग लिंगुआ म्हणू लागले. अश्रूला आधी दाक्रुमा, मग लाक्रिमा. या बदलांचा एकमेकांशी नातेसंबंध नाही, पण तोंडं सगळीकडे सारखीच असतात. ग्रीकमध्ये मात्र असा बदल सरसकट होत नाही. तो दिसतो मुख्यतः अशा शब्दांत, जे मुळात ग्रीक नसावेत. ‘लाबुरिन्थोस’ म्हणजे चक्रव्यूहासारखं घर. क्रीटमधल्या मायसिनी काळच्या, म्हणजे होमरच्या कित्येक शतकं आधीच्या, मातीच्या पाट्यांवर याच शब्दाचा पूर्वज ‘द’नं सुरू होतो असं मानतात. म्हणून पुष्कळ अभ्यासक म्हणतात, ओदुस्सेउस हे नावही ग्रीकांच्या आधी त्या किनाऱ्यांवर राहणाऱ्या कुणाच्या भाषेतलं असेल. त्यांचा उच्चार एकाला द ऐकू आला, दुसऱ्याला ल. एकानं स्स म्हटलं, दुसऱ्यानं त्त, तिसऱ्यानं क्स.

अशा मातीच्या पाट्या 1952 साली मायकेल व्हेंट्रिसनं उलगडल्या. त्यांत अखिलेउस आहे, हेक्तोर आहे. हे इलियडमधले वीर नव्हेत. धान्याच्या आणि माणसांच्या नोंदींत आलेली ही साधी माणसं. नावं जुनी होती आणि चारचौघांची होती, वीरांना ती नंतर मिळाली. आपला नायक मात्र त्या पाट्यांत नाही. त्या लिपीत र आणि ल यांना एकच चिन्ह चालतं पण द-ची चिन्हं वेगळी आहेत, तेव्हा त्याचं नाव एखाद्या पाटीवर निघालं तर जुनं अक्षर कोणतं हे एका दिवसात कळेल. अशी पाटी कुठल्या तरी शेताखाली असेल, या विचारानं मला खरोखर झोप लागत नाही कधीकधी.

काव्यातसुद्धा नावाचं एकच रूप नाही. होमर कधी ओदुस्सेउस म्हणतो, कधी एका स-नं ओदुसेउस. कारण वृत्त. आणि हे कारण इंग्रजीतून वाचताना जे डोक्यावरून गेलं ते शाळेतल्या गणांनी मला क्षणात समजावलं. जोडाक्षरापूर्वीचं अक्षर गुरू, हा आपला नियम ग्रीकांनाही तसाच लागू. ‘स्स’ घातलं की ‘दु’ गुरू होतो आणि नाव बनतं लघु-गुरु-गुरु, यमाता, य गण. एकच स ठेवला की लघु-लघु-गुरु, सलगं, स गण. होमरच्या ओळीत सहा घास असतात, प्रत्येक बहुधा भानससारखा गुरु-लघु-लघु किंवा नुसता गुरु-गुरु. कुठे यमाता बसतो, कुठे सलगं. शतकानुशतकं गाणाऱ्यांनी नाव दोन्ही मापांचं शिवून ठेवलं होतं. विभक्तीही तशाच: ओदुस्सेओस म्हणजे ‘त्याचा’, एक स काढला तर ओदुसेओस, हाक मारायची तर शेवटचा स गळतो, ओदुस्सेउ. विठ्ठलचा विठ्ठला होतो तसं नाव हाकेत मऊ होतं. आणि ओदुस्सेइआ, म्हणजे आपण ओडिसी म्हणतो ते, रामायणासारखंच नावातून निघालेलं नाव.

ओडिसी सुरू होते ‘पुरुष’ या शब्दानं. त्या पुरुषाचं नाव येतं एकविसाव्या ओळीत, तेही एका स-नं. आणि थोड्याच ओळींनंतर, बासष्टाव्या ओळीत, अथेना देवी आपल्या बापाला, देवांच्या राजाला, विचारते: झेउस, तू त्याच्यावर एवढा का रागावलास? ‘रागावलास’साठी तिनं वापरलेलं क्रियापद आहे ओदुसाओ. ऐकणाऱ्याच्या कानात नाव अजून ताजं असतं आणि त्याला तोच आवाज रागाच्या शब्दात ऐकू येतो. हे क्रियापद ग्रीकमध्ये विरळाच भेटतं. ओडिसीत मात्र ते या एका माणसाभोवती घोटाळतं. तो बुडत असताना पाण्यातून वर आलेली देवी विचारते, समुद्राचा देव पोसेइदोन तुझ्यावर इतका का रागावलाय? तेच क्रियापद. तो स्वतःशी म्हणतो, समुद्रदेव माझ्यावर किती रागावलाय ते मला ठाऊक आहे. पुन्हा तेच.

मग एकोणिसाव्या सर्गात कवी बारशाला घेऊन जातो. वीस वर्षांनी भिकाऱ्याच्या वेषात घरी आलेल्या ओदुस्सेउसचे पाय म्हातारी दाई एउरुक्लेइआ धूत असते. तिच्या हाताला मांडीवरचा जुना व्रण लागतो, आणि नेमक्या त्या स्पर्शाशी कवी गोष्ट थांबवून मागे जातो. आईचे वडील आउतोलुकोस इथाकेला आलेत. चोरी आणि शपथा यांत त्यांचा हात धरणारा कुणी नाही, ही देणगी त्यांना खुद्द हेर्मेस देवाची. जेवण उरकतं. हीच दाई, तेव्हा तरुण, बाळाला आजोबांच्या मांडीवर ठेवते आणि म्हणते, तुम्हीच नाव शोधा, फार प्रार्थना करून झालेलं मूल आहे. तिचा शब्द आहे पोलुआरेतोस. मराठीत नवसाचा. मला वाटतं ती नुसती माहिती देत नाही. ती नाव सुचवते आहे, आपल्याकडे नवसू ठेवत तसं. आजोबा ते कानाआड करतात. म्हणतात, इथवर येताना मी कितीतरी बायका-पुरुषांशी राग धरून आलोय, तर याचं नाव ओदुसेउस.

राग कुणाचा? क्रियापदाचं जे रूप तिथे आहे त्यातून दोन्ही अर्थ निघू शकतात: आजोबा लोकांवर रागावले, किंवा लोकांच्या रागाचे धनी झाले. भाषांतरकार एक बाजू निवडतात. कवीनं निवडलेली नाही, आणि बाळ पुढे दोन्ही होतं. रागाचा धनीही, आणि शेवटी स्वतःच्या अंगणात घुसलेल्या शंभरावर माणसांना मारणारा रागीटही.

आणि इथे मला तो ल परत आठवतो. ओलुस्सेउसमध्ये ‘ओदुसाओ’ ऐकू येणार नाही. बारशाची ती जागा ल-नं उभीच राहत नाही. काही अभ्यासकांनी म्हटलंय की काव्याच्या परंपरेनं द-वालं रूप धरून ठेवलं ते त्यात राग ऐकू येतो म्हणून. मला हे पटतं. नाव परक्या भाषेतून आलेलं, अर्थ कुणालाच माहीत नसलेलं. गाणाऱ्यांनी त्यात कान देऊन एक शब्द ऐकला, आणि त्या शब्दासाठी अक्षर राखलं. खरी व्युत्पत्ती ही नव्हे. पण काव्याच्या आत हीच खरी, कारण माणसाच्या वाट्याला आलेलं सगळं तिच्यातून येतं.

इतरांनीही नावाचा माग काढला. एका जुन्या गोष्टीत आई अंतिक्लेइआ गरोदर असताना इथाकेच्या नेरितोन डोंगरावर पाऊस तिला वाटेत गाठतो. ‘होदोस’ म्हणजे वाट आणि ‘हुएइन’ म्हणजे पाऊस पडणं, त्यावरून ओदुस्सेउस. व्याकरणाला हे मानवत नाही. तरी ती भिजलेली पोटुशी बाई माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही, आणि यास्काच्या निरुक्तावर वाढलेल्या आपल्या कानांना असा खटाटोप परका वाटू नये. दुसरा शब्द म्हणजे ओदुने, वेदना. तिचं मूळ ‘खाणं’ या अर्थाच्या जुन्या धातूत असल्याचं सांगतात, ज्याचा संस्कृत भाऊ अद्, अन्नातला. खात राहते ती वेदना. नावाशी तिचं नातं सिद्ध नाही, पण होमरच्या श्रोत्याला ते ऐकू येत नसेल असं मला वाटत नाही.

माझ्या आईची आई चौथी मुलगी. तिचं माहेरचं नाव नकुसा. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं दुसरं नाव लिहिलं गेलं आणि घरात पुन्हा जुन्याचा उच्चार झाला नाही. मला ते कळलं मी पंचवीस वर्षांची असताना, तिच्या एका म्हाताऱ्या भावाच्या तोंडून. मी तिला विचारलं, तुला वाईट नाही वाटायचं? ती म्हणाली, “हाक मारली की मी ओ द्यायची. अजून काय.” 2011 साली सातारा जिल्ह्यात 200हून अधिक नकोशा-नकुसांना समारंभानं नवी नावं दिली गेली, तेव्हा ती नव्हती. आउतोलुकोसची जागा मी पहिल्यांदा मूळ ग्रीकमध्ये वाचली त्या रात्री मला ते बाळ दिसलं ते आजीच्या जागी. मोठ्यांचा राग, आणि ओ द्यायला शिकणारं मूल. दाई ‘नवसाचा’ म्हणत होती. ते कुणी ऐकलं नाही.

ओदुस्सेउसनं एकदा नाव टाकून पाहिलं. एकडोळ्या पोलुफेमोसच्या गुहेत तो आपलं नाव सांगतो ऊतिस, कोणीनाही. डोळा फुटल्यावर पोलुफेमोस ओरडतो, कोणीनाही मला मारतोय! शेजारी म्हणतात, कोणी नाही ना, मग देवाला हात जोड. मराठीत हा श्लेष जसाच्या तसा उतरतो याचं मला अप्रूप आहे. निनावी असताना तो वाचतो. पण जहाज किनाऱ्यापासून दूर जाताच त्याला राहवत नाही. तो ओरडून सांगतो: डोळा कुणी फोडला विचारलं तर सांग, ओदुस्सेउसनं, लाएर्तेसच्या मुलानं, घर इथाकेत. नाव, बापाचं नाव, गाव. पोलुफेमोस तेच शब्द उचलून आपल्या बापाकडे, पोसेइदोनकडे, शाप मागतो. इथून समुद्राचा राग सुरू होतो. आजोबांनी दिलेलं नाव त्यानं स्वतःच्या तोंडानं खरं केलं.

पण ओडिसीतला मला सर्वांत जिव्हाळ्याचा माणूस आहे डुकरं राखणारा एउमाइओस. मालक समोर भिकारी होऊन बसलाय हे त्याला माहीत नाही. गेलेल्या मालकाबद्दल तो बोलतो आणि नाव उच्चारून झाल्यावर अडखळतो. म्हणतो, पाहुण्या, तो इथे नसतानाही त्याचं नाव घ्यायला मला संकोच वाटतो. फार जीव होता त्याचा माझ्यावर. तो दूर असला तरी मी त्याला एथेइओस म्हणतो. हा शब्द होमरमध्ये धाकटा भाऊ थोरल्याला हाक मारताना वापरतो. शब्दकोशात ‘आदरणीय’, ‘प्रिय’ असे अर्थ दिलेत. मी माझ्या वहीत लिहिलं: दादा. वडीलधाऱ्यांचं नाव घेताना जीभ मागे ओढली जाणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला त्या ओळीला टीप लागत नाही. अख्ख्या काव्यात नावाचे इतके खेळ होतात, आणि एका डुकरं राखणाऱ्यानं ते न घेण्यात सगळं सांगून टाकलंय.

आजच्या ग्रीसमध्ये हे नाव मुलांना ठेवतात, ओदिसेआस. त्यातल्या द-चा उच्चार आता घासून येतो. 1821च्या स्वातंत्र्ययुद्धातला ओदिसेआस आंद्रूत्सोस तर इथाकेतच जन्मला, आणि 1979 साली नोबेल मिळालेले कवी ओदिसेआस एलितिस. राग कुणालाच ऐकू येत नाही आता त्यात. ते क्रियापद भाषेतून केव्हाच गेलं.

ओडिसीच्या शेवटच्या सर्गात ओदुस्सेउस बापाला भेटायला मळ्यात जातो. लाएर्तेस ठिगळांच्या कपड्यांत एका झाडाच्या बुंध्याशी खणतोय. ओदुस्सेउस सवयीनं आधी खोटंच नाव सांगतो, एपेरितोस. म्हातारा माती उचलून स्वतःच्या पिकल्या केसांत घालतो तेव्हा याचा धीर सुटतो: बाबा, तुम्ही ज्याची विचारपूस करताय तो मीच. लाएर्तेस म्हणतो, तू खरंच माझा ओदुसेउस असशील तर खूण सांग. व्रण दाखवून झाल्यावर तो झाडांकडे वळतो. लहानपणी मी तुमच्या मागे मागे या मळ्यातून फिरायचो आणि एकेका झाडाबद्दल विचारायचो, आणि तुम्ही एकेकाचं नाव सांगायचात. नासपतीची 13 दिली होतीत मला, सफरचंदाची 10, अंजिराची 40, आणि द्राक्षांच्या 50 ओळी देईन म्हणाला होतात.